वाचक विचारतात : येशूच्या नावाचं हॉस्पिटल आणि महिनाअखेरचा हिशोब

या वेळच्या पत्रांमध्ये एकाच विषयावरचे बरेच प्रश्न आलेत. ख्रिस्ती संस्थांची हॉस्पिटलं, नर्सिंग स्कूल, हॉस्पिस (बरं न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था) चालवणारी ही मंडळी, कोणी मेडिकल सुपरिटेंडेंट, कोणी ट्रस्टी, कोणी वॉर्डातली सिस्टर. सगळ्यांची तगमग साधारण एकच आहे की काम तर येशूच्या नावानं चाललंय पण महिना संपला की पगार, ऑक्सिजनचं बिल, औषधवाल्याची थकबाकी हे सगळं भागवायचंय, मग कुठे वाकायचं आणि कुठे ताठ राहायचं. मी स्वतः अशा संस्थांच्या ॲडमिनमध्ये आणि नंतर बोर्डावर बरीच वर्षं काढलीत, तिथे जे बघितलं त्यावरूनच उत्तरं देतेय. पत्र पाठवणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : गरिबाला दारातून परत पाठवायचं नाही हे आमच्या हॉस्पिटलचं पहिल्या दिवसापासूनचं तत्त्व. पण आता स्टाफचे पगार उशिरा होतायत. अकाउंटंट म्हणतात सवलती कमी करा, आमचे चॅपलेन (हॉस्पिटलचे पाळक) म्हणतात देव पुरवील. दोघंही मनापासून बोलतात. मी कोणाचं ऐकू? (एक मेडिकल सुपरिटेंडेंट)

उत्तर : दोघांचंही ऐका, फक्त वेगवेगळं ऐकू नका, एका टेबलावर बसवा आणि समोर महिन्याचे आकडे ठेवा. कारण आत्ता अकाउंटंटना वाटतं चॅपलेन हवेत बोलतात, चॅपलेनना वाटतं अकाउंटंटचा विश्वास कमी पडतो, आणि मध्ये तुमची ओढाताण.

रस्त्यात जखमी पडलेल्या परक्या माणसाला उचलून उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोनीची गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण सांगताना आपण बहुतेक वेळा जखमा बांधण्यापाशी थांबतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात पुढे काय होतं बघा. दुसऱ्या दिवशी तो दोन दिनार काढून उतारशाळेवाल्याच्या हातात देतो आणि सांगतो की याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना मी देईन. तूही भला माणूस आहेस तर हे फुकट कर, असं तो उतारशाळेवाल्याला म्हणत नाही. दया याला आली तर बिलही यानंच भरलं आणि पुढच्या खर्चाची हमीसुद्धा यानंच घेतली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण फुकट उपचार असं काही नसतंच, ते पैसे कोणीतरी देतंच. देणगीदार देतो, नाहीतर ऐपत असलेला पेशंट चार पैसे जास्त देतो, नाहीतर सरकारी योजना किंवा विमा देतो, आणि यातलं काहीच नसेल तर मग तुमची नर्स देते, जिचा पगार अजून झालेला नाही आणि जिला कोणी विचारलेलंही नाही की बाई, तुला हे दान द्यायचंय का.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पगार तारखेला झाले पाहिजेत, आणि ते करून गरिबांसाठी किती देता येतं हे बजेटमध्ये वेगळा आकडा टाकून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवलं पाहिजे. उरलं तर देऊ म्हणून दान होत नाही, उरत कधीच नसतं.

आता जरा तुमच्या कन्सेशनच्या चिठ्ठ्या काढून बघा. मी बऱ्याच ठिकाणी बघितल्यात, बिलाच्या कोपऱ्यात पेनानं 'कन्सेशन' लिहिलेलं असतं, खाली एक सही, आणि बस. कोणाला दिली, का दिली, खर्च किती आणि सूट किती, काही नाही. मग वर्षभराच्या चिठ्ठ्या एकत्र लावल्या की दिसतं काय, तर बोर्ड मेंबरचा भाचा, पाळकांच्या ओळखीचं कुटुंब, जुन्या स्टाफचे शेजारी, यांना भरपूर सूट मिळालेली असते, आणि जो माणूस लांबून आलाय, ज्याला मागायचं कसं हेच कळत नाही, त्यानं दागिने गहाण ठेवून पूर्ण बिल भरलेलं असतं. हे कोणी वाईट मनानं करत नाही, सही करणाऱ्यासमोर जो येतो त्याला मिळतं एवढंच. पण गरिबाला परत पाठवायचं नाही हे तत्त्व तिथेच मोडलेलं असतं आणि कोणाला पत्ताही नसतो. त्यामुळे सवलतीचा अधिकार मोठ्या साहेबांच्या सहीतून काढून सोशल वर्करकडे द्या, ती घरची माहिती विचारेल, लिहून ठेवेल, महिन्याच्या ठरलेल्या रकमेत बसवेल. जीव धोक्यात असेल तिथे मात्र आधी उपचार, फॉर्म नंतर, हा नियम कुठल्याही बजेटच्या वरचा.

थोडंफार मागायलाही लाजू नका. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९१३ साली आफ्रिकेत लांबारेनेला हॉस्पिटल उघडलं तेव्हा ज्याला जे जमेल ते त्यानं द्यावं असं ते पेशंटना सांगायचे, कोणी पैसे आणायचं, कोणी अंडी, कोंबड्या, केळी, आणि ते सगळं हॉस्पिटलच्या स्वयंपाकात यायचं. स्वतः ते युरोपात ऑर्गनचे कार्यक्रम आणि भाषणं करून कर्ज फेडायचे आणि निधी उभा करायचे. देणारा माणूस आपण भीक घेतोय असं मानत नाही, उपचार घेताना त्याची मान खाली जात नाही, आणि माझ्या मते हीसुद्धा त्याची सेवाच आहे.

पैसेवाल्यांसाठी स्पेशल रूम काढून त्यातून जनरल वॉर्ड चालवणं हा मार्ग खूप हॉस्पिटलं वापरतात आणि त्यात चुकीचं काही नाही. अट एकच, फरक खोलीत असावा, उपचारात नसावा. तोच डॉक्टर, तीच औषधं, तोच राऊंड. ज्या दिवशी स्पेशल रूमच्या पेशंटला सीनियर डॉक्टर आणि वॉर्डातल्याला फक्त शिकाऊ डॉक्टर असं व्हायला लागेल त्या दिवशी तुमचं हॉस्पिटल दोन हॉस्पिटलं झालं असं समजा.

आणि देव पुरवील याबद्दल. हो, पुरवील, माझाही विश्वास आहे. पण बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब कर, हेही येशूनंच सांगितलंय, त्याच लूकमध्ये चौदाव्या अध्यायात. चॅपलेनसाहेबांना ते वाचून दाखवा, त्यांना पटेल.

प्रश्न : डेप्युटी डायरेक्टरच्या पोस्टसाठी आलेल्यांमध्ये सगळ्यात लायक उमेदवार ख्रिस्ती नाही. बोर्डातले निम्मे लोक म्हणतात घ्या, निम्मे म्हणतात एकदा हे सुरू झालं की संस्थेचं ख्रिस्तीपण गेलं. (एक ट्रस्टी)

उत्तर : सिसिली सॉन्डर्स यांचं उदाहरण घ्या. त्या आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं, जिथून आजची सगळी हॉस्पिसची चळवळ पसरली. बाई अत्यंत श्रद्धाळू. सुरुवातीला त्यांच्या मनात होतं की हे एक धार्मिक समुदाय म्हणूनच चालवावं, एका पंथाचे, एकाच श्रद्धेचे लोक. खूप विचार, खूप पत्रव्यवहार, मित्रांशी चर्चा करून त्यांनी ठरवलं की संस्थेचा पाया ख्रिस्ती राहील आणि तो कागदावर स्पष्ट लिहिलेला असेल, पण काम करायला आणि उपचार घ्यायला कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा माणूस येऊ शकेल. पाया लिहून ठेवला होता म्हणून दार उघडं ठेवायची भीती वाटली नाही, मला यातून हे शिकायला मिळालं.

तुमच्याकडे तो पाया लिहिलेला आहे का? बहुतेक ठिकाणी ट्रस्ट डीडमध्ये एक जुनं वाक्य असतं आणि बाकी सगळं गृहीत. आधी ते नीट लिहा. चॅपलेनची पोस्ट ख्रिस्ती माणसासाठीच आहे, त्यात वाद नाही. सर्वोच्च पदाबद्दल तुमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, नियम असतील तर तेही मोकळेपणानं जाहिरातीत सांगा, इंटरव्ह्यूनंतर कुजबुजू नका. पण बाकी पदांना मी उमेदवाराचा बाप्तिस्म्याचा दाखला मागण्यापेक्षा त्याला खरे प्रसंग विचारेन. नातेवाईक सोडून गेलेत, पेशंटकडे पैसे नाहीत, बेडची रांग लागलीय, डिस्चार्ज कधी देणार? सप्लायरनं दिवाळीला किंवा नाताळला महागडी भेट पाठवली, काय करणार? सीनियर सर्जन ज्युनियर सिस्टरवर सगळ्यांसमोर ओरडला, तुम्ही काय म्हणाल? उत्तरांवरून कळतं माणूस कुठला आहे. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसणारे आणि खरेदीत कमिशन खाणारे लोकही मी बघितलेत, आणि कधी चर्चमध्ये पाऊल न टाकलेली पण संस्थेच्या तत्त्वासाठी बोर्डाशी भांडलेली माणसंही.

मात्र निम्मा बोर्ड जे म्हणतोय त्यात एक खरी भीती आहे, ती उडवून लावू नका. अमेरिकेतल्या कॅथलिक हॉस्पिटलांमध्ये सिस्टरांची, म्हणजे नन्सची, संख्या घटत गेली आणि कारभार पगारी मॅनेजरांच्या हातात आला तेव्हा तिथल्या संस्थांच्या लक्षात आलं की मूल्यं आपोआप पुढच्या माणसात उतरत नाहीत. म्हणून त्यांनी नेतृत्वासाठी खास प्रशिक्षण सुरू केलं, महिनोन्महिने चालणारं, त्यात संस्थेचा इतिहास, नीतिशास्त्र, मनन सगळं. असं काही केलं नाही तर सगळा स्टाफ ख्रिस्ती असूनसुद्धा ख्रिस्तीपण जातं. त्या उमेदवाराला घ्या, आणि पहिलं वर्ष त्याला संस्था का सुरू झाली हे शिकवायला वेळ द्या.

प्रश्न : ऑपरेशनच्या आधी पेशंटसाठी प्रार्थना करायची आमच्याकडे पद्धत आहे. एका पेशंटच्या मुलानं तक्रार केली की आमचा धर्म वेगळा, आम्हाला विचारलं नाही. मला वाईट वाटलं, आमचा हेतू चांगलाच होता. (एक नर्स)

उत्तर : तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही पण त्या मुलाचं बरोबर आहे. पेशंट झोपलेला असतो, अंगावर हॉस्पिटलचा गाऊन, हाताला सलाईन, आणि अर्ध्या तासात ज्यांच्या हातात त्याचा जीव जाणार आहे तेच लोक विचारतायत प्रार्थना करू का. नको म्हणायला किती जणांची हिंमत होईल? म्हणून विचारायचं ते आधी, ॲडमिशनच्या वेळी, नातेवाईकांसोबत निवांत असताना, आणि असं विचारायचं की नको म्हणणं सोपं जाईल. तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का, की तुमच्या धर्माच्या कोणाला बोलवायचंय, की काहीच नको? तिन्ही उत्तरं सारखी. कोणी त्यांच्या पुजाऱ्यांना, मौलवींना बोलवा म्हणालं तर फोन नंबर शोधून द्यायचं काम आपल्या चॅपलेननं करायचं, आणि मी असे चॅपलेन बघितलेत जे हे आनंदानं करतात. मनातल्या मनात प्रार्थना करायला तर कोणाचीच परवानगी लागत नाही, ती चालूच ठेवा.

अजून एक, वेदना असताना आधी इंजेक्शन. कळवळणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून लांब प्रार्थना करणं बरोबर नाही.

प्रश्न : ऑडिट, ॲक्रेडिटेशन, टॅक्सचे कागद, सरकारी तपासण्या यात आमचा इतका वेळ जातो की सेवा करायला आलो होतो की क्लार्क व्हायला असा प्रश्न पडतो. पूर्वीच्या मिशनऱ्यांना हे नव्हतं. (एक ॲडमिनिस्ट्रेटर)

उत्तर : होतं हो! चौथ्या शतकात सुद्धा होतं. कैसरियाचे बिशप बेसिल यांनी ३७० च्या सुमारास शहराबाहेर गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी मोठी वसाहत उभी केली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या हॉस्पिटलांपैकी ती एक. त्यांची पत्रं आजही वाचायला मिळतात. एका पत्रात ते प्रांताच्या गव्हर्नरला समजावतायत की आम्ही हे बांधतोय त्यात सरकारचं नुकसान काय, इथे वैद्य आहेत, शुश्रूषा करणारे आहेत, ओझ्याची जनावरं आहेत, सोबत जाणारी माणसं आहेत. म्हणजे त्यांच्याविरुद्ध वर कोणीतरी तक्रार केली होती आणि त्यांना उत्तर द्यावं लागलं. दुसऱ्या एका पत्रात ते कर खात्याच्या अधिकाऱ्याला सांगतात की आमचं गरिबांचं घर तुम्ही स्वतः येऊन बघा आणि कर माफ करा. चर्चमध्ये संत मानला गेलेला माणूस कर अधिकाऱ्याला तपासणीला बोलावतोय! मला ते पत्र फार आवडतं.

कागद जास्त झालेत हे मान्य, आणि काही खरोखरच निरुपयोगी आहेत, त्यांच्याविरुद्ध एकत्र येऊन बोला. पण इन्फेक्शनची नोंद, औषधांच्या चुकांची नोंद, तक्रारींचं रजिस्टर हे निरुपयोगी कागद नाहीत. आम्ही सेवाभावी आहोत म्हणून आमच्याकडे हात धुण्याचं ऑडिट नको, असं मी प्रत्यक्ष ऐकलंय. गरीब पेशंटला जंतू लागला तर तो सेवाभाव बघून मागे फिरत नाही.

प्रश्न : एका तंबाखू कंपनीनं आम्हाला डायलिसिस युनिट द्यायची तयारी दाखवलीय. पैसा कुठूनही येवो, चांगल्या कामाला लागतोय ना? (एक ट्रस्टी)

उत्तर : नको. तुमच्याच वॉर्डात तोंडाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचे पेशंट आहेत, त्यांना रोज तंबाखू सोडा सांगता आणि भिंतीवर त्याच कंपनीच्या नावाची पाटी लावणार. देणगी कोणाकडून घ्यायची नाही हे बोर्डानं एकदा लिहून ठरवून टाका, म्हणजे प्रत्येक वेळी समोर मोठा आकडा असताना ठरवायची वेळ येणार नाही.

प्रश्न : आमच्या हॉस्पिटलचं धोरण गर्भपात न करण्याचं आहे आणि मलाही ते मान्य आहे. पण कधीकधी केस अशी येते की आई आणि बाळ दोघंही जाणार असं दिसतं. रात्री दोन वाजता मी कोणाला विचारू? (एक स्त्रीरोगतज्ज्ञ)

उत्तर : तुमच्या प्रश्नातला 'रात्री दोन वाजता' हाच भाग मला सगळ्यात गंभीर वाटतो. म्हणजे धोरण आहे पण ते एका वाक्याचं आहे आणि अवघड वेळी डॉक्टर एकटा आहे.

अमेरिकेत फिनिक्स शहरातल्या सेंट जोसेफ्स या कॅथलिक हॉस्पिटलमध्ये २००९ मध्ये अशीच केस आली होती. अकरा आठवड्यांची गरोदर बाई, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब जीवघेणा वाढलेला, गर्भ राहिला तर ती वाचणं जवळपास अशक्य. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीनं विचार करून गर्भपाताला संमती दिली, बाई वाचली. कमिटीत असलेल्या सिस्टर मार्गारेट मॅकब्राइड या आपल्या कृतीनं चर्चमधून बहिष्कृत झाल्यात असं तिथल्या बिशपनी जाहीर केलं, आणि हॉस्पिटलनं आपला निर्णय चुकीचा होता असं म्हणायला नकार दिल्यावर २०१० च्या डिसेंबरमध्ये त्यांनी हॉस्पिटलचा कॅथलिक दर्जाच काढून घेतला. नंतर सिस्टरना चर्चमध्ये परत घेण्यात आलं. हॉस्पिटल आजही चालू आहे.

यात कोण बरोबर यावर श्रद्धावान माणसांमध्येच तीव्र मतभेद आहेत आणि राहतील. माझं मत विचाराल तर मरत असलेल्या आईला वाचवणं हे ख्रिस्ती हॉस्पिटलच्या श्रद्धेविरुद्ध नाही, आणि ज्या धोरणात ती सोडून दिली जाते ते धोरण परत लिहायला हवं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या बोर्डानं, डॉक्टरांनी आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनी अशा केस आधीच मांडून, दिवसाउजेडी, शांतपणे ठरवलं पाहिजे. कुठल्या परिस्थितीत काय करायचं, फोन कोणाला करायचा, तो नसेल तर दुसरा कोण, आणि जे आपण करत नाही त्यासाठी पेशंटला पूर्ण माहिती आणि फाईल देऊन वेळेत कुठे पाठवायचं. आम्ही काय करत नाही हे पेशंटला पहिल्या भेटीतच कळायला हवं, नवव्या महिन्यात कळून उपयोग नाही. आणि तुमच्या देशाचा कायदा काय म्हणतो ते त्या कागदावर पहिल्या परिच्छेदात असू दे.

चर्चचे नियम कधीच हलत नाहीत असंही समजू नका. ॲना डेंगेल या ऑस्ट्रियन डॉक्टरनं रावळपिंडीत काम करताना बघितलं की बायका पुरुष डॉक्टरकडे जाऊ शकत नाहीत आणि बाळंतपणात मरतायत. तेव्हा कॅथलिक सिस्टरांना प्रसूतीचं वैद्यकीय काम करायला बंदी होती. तिनं १९२५ मध्ये संस्था काढली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९३६ मध्ये व्हॅटिकननं परवानगी दिली. तिच्यासारख्या अनेकींचा यात हात होता. हे घडलं कारण वॉर्डात काय दिसतंय हे त्या वरपर्यंत सांगत राहिल्या. तुम्हीही सांगा.

प्रश्न : जादा ड्युटी, कमी पगार, आणि बोललं की उत्तर येतं, ही नोकरी नाही, सेवा आहे. मी विश्वास ठेवणारी आहे म्हणूनच इथे टिकलेय पण आता थकलेय. माझाच विश्वास कमी पडतोय का? (एक स्टाफ नर्स)

उत्तर : नाही ताई, तुमचा विश्वास कमी पडत नाहीये. मी हे ठामपणे सांगते.

सेवा म्हणून बिनपगारी नर्सिंग करायची परंपरा कुठून आली ते थोडं सांगते. जर्मनीत कैसर्सवर्थ इथे १८३६ मध्ये पाळक थिओडोर फ्लीडनर आणि त्यांची पत्नी फ्रीडरिके यांनी डीकनेस (चर्चच्या सेवेला वाहून घेतलेल्या) स्त्रियांची संस्था काढली, फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा १८५१ मध्ये तिथे काही महिने शिकल्या. त्या डीकनेसना पगार नव्हता, थोडा हातखर्च मिळायचा, हे खरं आहे. पण राहणं, कपडे, जेवण, आजारपण आणि म्हातारपण, सगळी जबाबदारी त्या मातृगृहाची, म्हणजे संस्थेच्या मुख्य घराची. काम सुटलं, हातपाय थकले तरी ती बाई रस्त्यावर यायची नाही. म्हणजे त्या त्यागाच्या दुसऱ्या बाजूला संस्थेनं आयुष्यभराचा शब्द दिलेला होता. आज तुमचं मॅनेजमेंट त्यातला पहिला अर्धा भाग मागतंय आणि दुसरा अर्धा द्यायला तयार नाही. घरभाडं तुमचं, मुलांची फी तुमची, म्हातारपणही तुमचंच, मग पगारही बाजारातल्यासारखा मागायचा तुम्हाला हक्क आहे. कामकरी मजुरीला पात्र आहे, हे वाक्य लूकच्या त्याच दहाव्या अध्यायात आहे, शोमरोनीच्या गोष्टीच्या थोडं आधी.

हे वाचणाऱ्या डायरेक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे की सेवा हा शब्द पगाराच्या मीटिंगमध्ये वापरू नका. पैसे नसतील तर आकडे दाखवा आणि सांगा नाहीत, स्टाफ समजून घेतो, मी कितीदा बघितलंय. वरच्या लोकांचा पगारही त्याच प्रमाणात थांबलेला दिसला तर अजून समजून घेतो. ज्याला पगार पूर्ण देता येत नाही त्यानं निदान ड्युटीचं वेळापत्रक तरी माणसासारखं ठेवावं, सुट्टी मागायला लागल्यावर तोंड वाकडं करू नये. एका नर्सवर दोन वॉर्ड टाकून वर उपासनेला का आली नाहीस विचारणं हे तर अन्यायाचंच आहे.

आणि ताई, तुम्ही आधी रजा घ्या. मग दोघी-तिघी मिळून लेखी मागणी द्या, एकटीनं नको.

प्रश्न : बेड रिकामे राहतायत, इमारत जुनी झालीय, आणि एका मोठ्या हॉस्पिटल चेननं चांगली ऑफर दिलीय. विकून तो पैसा वस्त्यांमधल्या कामाला लावावा असं काहींना वाटतं. जुन्या लोकांना हा विश्वासघात वाटतो. (बोर्डाचे एक सदस्य)

उत्तर : विकणं हे पाप नाही. इमारत म्हणजे मिशन नाही, हे चर्चच्याच लोकांनी १९६० च्या दशकात मोठ्यानं मांडलं होतं. १९६४ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनला बैठक झाली आणि त्यातून चर्चा सुरू झाली की बरं करण्याचं काम फक्त हॉस्पिटलच्या कंपाऊंडचं की सगळ्या मंडळीचं. मग १९६८ मध्ये वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या जगभरच्या चर्चेसच्या संघटनेनं ख्रिश्चन मेडिकल कमिशन काढलं. त्याच काळात, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून तयार करायला सुरुवात केली, अशा कामांचे अनुभव त्या कमिशननं जगभर पोचवले, आणि १९७८ च्या अल्मा-आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जो जाहीरनामा झाला त्यामागे हा विचार होता. तेव्हा वस्त्यांमधलं काम म्हणजे खालच्या दर्जाचं काम असं कोणी म्हणालं तर त्यांना हे सांगा.

पण कसं विकता यावर सगळं आहे. बॉस्टनच्या कॅथलिक धर्मप्रांताशी जोडलेली कॅरिटास क्रिस्टी ही सहा हॉस्पिटलांची संस्था आर्थिक अडचणीत होती, २०१० मध्ये ती सर्बेरस या खाजगी गुंतवणूक कंपनीला विकली, नवीन नाव स्टुअर्ड. तेव्हा आश्वासनं होती, काही वर्षांसाठी अटी होत्या, आणि सुरुवातीला नवीन पैसाही आला. २०१६ मध्ये हॉस्पिटलांच्या जागा आणि इमारती दुसऱ्या कंपनीला विकून त्याच इमारतींमध्ये भाड्यानं राहायचा व्यवहार झाला. २०२४ च्या मे महिन्यात स्टुअर्डनं दिवाळखोरी जाहीर केली, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीला जुन्या सहामधलं एक, बॉस्टनचं कार्नी हॉस्पिटल, बंद झालं. विकणाऱ्यांनी सगळं वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही, तेव्हा दुसरा पर्यायही फार नव्हता. पण अटींची मुदत संपल्यावर काय, जमिनीची मालकी कोणाकडे, या दोन प्रश्नांवर किती माणसांचं आयुष्य अवलंबून असतं ते यातून कळतं.

म्हणून विकायच्या आधी जागा भाडेपट्ट्यानं देता येते का बघा, मालकी ट्रस्टकडे ठेवून. दुसऱ्या ख्रिस्ती किंवा सेवाभावी संस्थेबरोबर एकत्र येता येतं का ते आधी बघा, चेनला त्याच्यानंतर भेटा. विकायचंच ठरलं तर गरीब पेशंटसाठी किती काम राहील, प्रसूती आणि इमर्जन्सी बंद करता येईल का, पुढे तिसऱ्याला विकलं तर हे बंधन त्याच्यावरही राहील का, आणि मोडलं तर कोण कोर्टात जाऊ शकेल, हे सगळं करारात हवं. मीटिंगमध्ये हसून दिलेल्या शब्दाला कोर्टात काही किंमत नाही. मिळालेला पैसा वेगळ्या निधीत, वेगळ्या सह्यांनी, नाहीतर दोन वर्षांत बोर्डाच्या ऑफिसच्या फर्निचरमध्ये जातो. आणि जुन्या लोकांना विश्वासघात वाटतोय तर त्यांना आकडे दाखवा, सगळे, तोट्याचेसुद्धा, बऱ्याचदा त्यांना कोणी ते दाखवलेलेच नसतात. स्टाफला ही बातमी बाहेरून कळता कामा नये. सह्या व्हायच्या आधी तुम्ही स्वतः जाऊन सांगा, आणि रात्रपाळीवाल्यांसाठी रात्री जाऊन सांगा.